सोमवार-गुरुवारची वीस मिनिटे

उत्तरेकडच्या विमानतळापासून दक्षिणेकडच्या विमानतळापर्यंतचे अंतर सरळ रेषेत सातशे सोळा किलोमीटर आहे. सकाळचे विमान ते एक तास बारा मिनिटांत कापते. मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी त्या विमानातून आलेली औषधाची कुपी जितकी जुनी असायला हवी तितकीच जुनी असे. सोमवारी आणि गुरुवारी ती वीस मिनिटांनी जास्त जुनी होऊन येई.

हा गुरुवार होता.

"आली का?" विभागप्रमुखांनी दारातूनच विचारले.

"आली, सर. मोजतेय."

तळघरातल्या त्या लहान खोलीत तिच्याशिवाय कुणी आत यायचे नाही असा नियम होता आणि प्रमुख तो पाळत. तिने शिशाच्या पेटीचे झाकण काढले, लांब चिमट्याने कुपी उचलली आणि मोजयंत्राच्या विहिरीत सोडली. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर दहा वाजले होते. आकडा स्थिर व्हायला सात-आठ सेकंद लागतात. तो स्थिर झाला. तिने तो वहीत उतरवला, शेजारी अपेक्षित आकडा लिहिला आणि भागाकार करण्याची तसदी घेतली नाही.

"बारा टक्के कमी."

"पुन्हा?"

"पुन्हा."

कुपीतले औषध किरणोत्सारी होते. रुग्णाच्या शिरेतून ते शरीरात गेले की गाठीत जाऊन साठते आणि वरच्या यंत्राला ती गाठ दिसते. मात्र कुणी वापरो वा न वापरो, दर एकशे दहा मिनिटांनी ते निम्मे होते. म्हणून उत्तरेच्या केंद्रात ते तयार झाले की मोजायचे, मोजल्याची वेळ लेबलवर लिहायची आणि दक्षिणेच्या या रुग्णालयात आल्यावर पुन्हा मोजायचे, अशी पद्धत होती. दोन मोजण्यांमधला वेळ ठाऊक असला की किती उरायला हवे ते साध्या गणिताने निघते. बारा टक्क्यांची तूट म्हणजे वीस मिनिटे. पाच आठवडे ही वीस मिनिटे सातशे सोळा किलोमीटरांत कुठेतरी सांडत होती.

"म्हणजे आजही चौघंच," प्रमुख म्हणाले.

"पाचव्याला अर्ध्याहून थोडी जास्त मात्रा मिळेल, सर. यंत्राखाली दुप्पट वेळ ठेवलं तर चित्र येईल."

"येईल, मला माहीत आहे. पण अपुरी मात्रा द्यायची तर तूट का आली ते लेखी लागतं, आणि त्याखाली मला सही करावी लागते. सही करून मी काय लिहू? वाऱ्यावर उडाली?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "हे बघ, आज पाचवा आठवडा. मी तुला एकदा सांगितलंय. दुपारपर्यंत कारण मिळालं नाही, तर सोमवारपासून कुपी दुसरं कुणी उघडेल. तू वर रेकॉर्डला बसशील. मी तुझ्यावर संशय घेतोय असं समजू नकोस."

"मग काय समजू, सर?"

प्रमुख जिन्याकडे वळले. ते निघून गेल्यावर तिने पेटीचा आतला भाग ओल्या कापसाने पुसून तो कापूस तपासला. स्वच्छ होता. मागच्या नऊ वेळाही होता.

ती या तळघरात अकरा वर्षे होती. रुग्ण तिला सिस्टर म्हणत. ती नर्स नव्हती, तंत्रज्ञ होती, पण ती दुरुस्ती करणे तिने तिसऱ्याच वर्षी सोडून दिले होते. घरी मुलगी तिला 'मिनिटवाली' म्हणे, कारण "पाच-दहा मिनिटांत येते" असे वाक्य तिच्या तोंडून कधी निघत नसे. ती "सात मिनिटांत" म्हणे आणि सातव्या मिनिटाला जिना चढत असे. अशा बाईच्या हातून दर सोमवारी आणि दर गुरुवारी बाराच टक्के सांडावेत, ना अकरा ना पंधरा, हे गणिताला मानवण्यासारखे नव्हते. पण प्रमुखांना गणित नको होते, कारण हवे होते.

तिने कारणे एकेक करून संपवली होती. मोजयंत्र रोज सकाळी प्रमाणित नमुन्याने तपासले जाई. ते बरोबर होते. औषधात दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाची भेसळ असती तर ते एकशे दहा मिनिटांनी निम्मे झाले नसते. ते नेमके निम्मे होई. राहिला वेळ. म्हणून ती विमानाच्या मागे लागली होती.

तिथे पहिल्याच दिवशी तिला एका अंतराच्या तीन वेळा मिळाल्या. इंटरनेटवरच्या एका पानाने सातशे सोळा किलोमीटरला एक तास चोवीस मिनिटे सांगितली. विमान कंपनीच्या वेळापत्रकात दीड तास होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने फोनवर एक तास बारा मिनिटे सांगितली.

"यातली खरी कुठली?" तिने विचारले होते.

"तिन्ही खऱ्या आहेत, बाई. ते पान अंतराला वेगानं भागतं आणि वर अर्धा तास टाकतं. आमचं वेळापत्रक दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंतचं असतं. आणि मी सांगितली ती चाकं उचलल्यापासून चाकं टेकेपर्यंतची."

"सोमवारी आणि गुरुवारी वेगळी असते का?"

"विमान उत्तर-दक्षिण जातं, वारा आडवा. सोमवार असो की रविवार, दोन-चार मिनिटांच्या वर फरक नाही. तुम्हाला ते लवकर यायला हवंय की उशिरा?"

"आलं तेव्हा आलं असं लिहायला हवंय."

तो हसला होता, पण नंतर त्याने पाच आठवड्यांच्या चाके टेकल्याच्या वेळा खरोखरच पाठवल्या. नऊ तीन, नऊ सात, आठ एकोणसाठ, नऊ अकरा. विमानतळावरून गाडीने पेटी आणणाऱ्या पेटीवाल्याचे मत निराळे होते. "सोमवारी-गुरुवारी विमानात गर्दी फार. वजनानं हळू चालत असणार, मॅडम." एका निवासी डॉक्टरने वेगात काळ बदलतो हे शास्त्र आहे असे ऐकवले. ते शास्त्र खरे होते. फक्त त्याप्रमाणे कुपी तरुण राहायला हवी होती, आणि तीही सेकंदाच्या एखाद्या अब्जांशाने.

साडेदहाला ती वर प्रतीक्षाखोलीत गेली. पाचवा रुग्ण कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. शहर बसचा ड्रायव्हर, वय एकावन्न, उपाशीपोटी. शेजारी त्याची बायको. सोमवारीही त्याचा नंबर शेवटचा होता आणि सोमवारी त्याला परत पाठवावे लागले होते. रक्तातली साखर दोनशेच्या खाली आल्याशिवाय हे औषध देता येत नाही, आणि मंगळवारी-बुधवारी त्याची साखर उतरली नाही. ती दुपारच्या आसपासच उतरे, म्हणून त्याला आधी घेता येत नव्हते. उद्या सकाळी त्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती. गाठ एकाच जागी असेल तर ती काढायची. पसरली असेल तर पोट उघडायचेच नाही. हे ठरवणारे चित्र आज संध्याकाळपर्यंत सर्जनच्या टेबलावर हवे होते.

तिने त्याच्या बोटाला सुई टोचली. "दोनशे बारा. उतरतेय."

"मी उतरवतोय म्हणून उतरतेय," ड्रायव्हर म्हणाला. "काल संध्याकाळपासून हिनं फक्त पाणी पाजलंय. इंजिनात नुसतं पाणी घालून गाडी चालवायला लावतेय."

"तोंड मात्र डिझेलवर चालतंय," बायको म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सिस्टर, आज नक्की होईल ना? सोमवारसारखं नाही ना होणार?"

"प्रयत्न चालू आहे."

"सोमवारीही हेच म्हणालात."

ड्रायव्हरने बायकोच्या हातावर हात ठेवला. "त्यांना कशाला बोलतेस? त्यांचं औषध विमानानं येतं. उशीर झाला तर त्या काय करणार?"

"उशीर होत नाही," ती म्हणाली. "तोच तर घोळ आहे. सगळे वेळेवर आहेत. विमान वेळेवर, गाडी वेळेवर. तरी वीस मिनिटं कमी पडतात."

"कागदावर वेळेवर?"

"कागदावरच बघणार ना मी?"

ड्रायव्हर हसला. तिने त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिले. "आमच्या लॉगशीटवर सुटायची वेळ छापलेलीच असते, सिस्टर. सहा पाच. आपण नुसती पुढे खूण करायची. तेवीस वर्षांत मी कधी सहा सातला सुटलोच नाही, कागद बघा. पुढच्या थांब्यावरचे लोक मात्र मला शिव्या घालतात. त्यांच्या हातात खरं घड्याळ असतं."

तिने रक्ताची पट्टी कचऱ्यात टाकली आणि सवयीने हातमोजे काढले. जिना उतरताना ती धावत नव्हती, पण नेहमीपेक्षा भरभर उतरत होती.

खाली तिने पाच आठवड्यांची तीस लेबले टेबलावर मांडली. चाके टेकल्याच्या वेळा एकमेकींशी जुळत नव्हत्या. नऊ तीन, नऊ सात, आठ एकोणसाठ. पेटी दारात आल्याच्या वेळा जुळत नव्हत्या. तिच्या स्वतःच्या मोजण्याच्या वेळासुद्धा दहा, दहा एक, नऊ अठ्ठावन्न अशा होत्या. खऱ्या मोजमापाला विखुरणे असते. लेबलवरच्या वेळेला ते नव्हते. तीसच्या तीस लेबलांवर सहा तीस. सहा तीस. सहा तीस. ही एकच वेळ तिने तपासली नव्हती, कारण ती लिहिणाऱ्या माणसाची वेळ तपासावी असे तिच्या मनात कधी आलेच नव्हते.

तो माणूस म्हणजे काका. उत्तरेच्या केंद्रात रात्रपाळीला कुपी भरणारा आणि मोजणारा. अकरा वर्षांत तिने त्यांना पाहिले नव्हते. ओळख होती ती आवाजाची. वर्षानुवर्षे रोज दहाला फोन होई, आणि तिने आकडा सांगितला की ते "बरोबर" म्हणत, मास्तरांनी पाढा ऐकून घ्यावा तसे. निवृत्तीला त्यांचे चार महिने राहिले होते. चौकशी सुरू झाल्यापासून प्रमुखांनी तिला बजावले होते, की उत्तरेच्या माणसाशी "पोहोचली" याखेरीज एक शब्द बोलायचा नाही. जे काही असेल ते पत्राने. पत्राचे उत्तरही आले होते: मोजण्याची वेळ पडताळली, ती बरोबर आहे.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी तिने काकांचा मोबाइल लावला.

"बोला, ताई. पोहोचली म्हणून मघाशी निरोप आला की तुमचा."

"काका, कुठे आहात?"

"बाहेर आहे जरा."

मागे कुठेतरी एक यंत्र तीनदा वाजले, थांबले आणि पुन्हा तीनदा वाजले. तिला हा आवाज रोजचा होता. तिच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर अशी सहा यंत्रे होती.

"काका, ते डायलिसिसचं मशिन आहे."

पलीकडे पावले ऐकू आली, मग एक दार लागल्याचा आवाज, मग शांतता.

"कान तिखट आहेत तुमचे," काका म्हणाले.

"कुणाला?"

"घरच्यांना. पाच आठवडे झाले."

"सोमवार-गुरुवार?"

"सोमवार-गुरुवार. पावणेसातला खुर्ची मिळते. पाच मिनिटं उशीर झाला की दुसऱ्याला देतात. तिला जिने उतरवून न्यायला दुसरं कुणी नाही. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. मी त्या दिवशी सहा दहाला मोजतो. कुपी बंद करून ठेवतो. गाडीवाला साडेसहाला उचलतो, तसंच आहे ते. मी फक्त तिथे नसतो."

"आणि लेबलवर सहा तीस."

"पाळी साडेसहाला संपते, आणि मोजणी तेव्हाच करायची असते. सहा दहा लिहिलं तर पाळी संपायच्या आधी गेलो हे दिसतं. पाळी बदलून मागितली होती. नाही म्हणाले. चार महिन्यांसाठी कशाला, म्हणाले."

"मग जास्त भरायची ना, काका! वीस मिनिटांची भर घालायची."

"मोजयंत्राची चिठ्ठी लेबलला जोडावी लागते. वेळ नसते तिच्यावर, पण आकडा असतो. मागणीपेक्षा जास्त आकडा दिसला की विचारणा होते." त्यांचा आवाज कोरडा झाला. "मला हिशेब येत नाही असं समजू नका. बारा टक्के जातात. तुम्ही पाच टक्के राखून मागता. उरली सात. पाच रुग्ण आहेत. सगळ्यांत सारखी वाटली तर प्रत्येकाला सात टक्केच कमी मिळेल असं धरलं. सात टक्क्यांनी काही बिघडत नाही."

तो हिशेब चुकीचा नव्हता. तो विमानाच्या त्या टोकाला बसून केलेला होता.

"काका, तसं वाटून घेता येत नाही. पहिल्याला पूर्ण द्यावी लागते. दुसऱ्याला पूर्ण. तोवर ते कमीच होत जातं. सगळी तूट शेवटच्याच्या वाट्याला येते."

"म्हणजे?"

"शेवटच्याला परत पाठवतो आम्ही."

"किती वेळा?"

"नऊ वेळा. आज दहावी."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत, ताई."

"मला बोलायला बंदी होती."

"मला पत्रानं विचारलं, वेळ बरोबर आहे का. मी होय म्हटलं. माणूस परत जातो असं त्यात नव्हतं लिहिलेलं." मग अगदी सपाट आवाजात, "आज कोण आहे?"

"एक ड्रायव्हर आहेत. उद्या ऑपरेशन आहे. कारण लेखी मिळालं तर कमी मात्रेवर जमवता येईल. बारा दहाच्या आत मिळालं तर. त्यानंतर तेवढीही उरणार नाही."

हे वाक्य बोलताना त्याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. लेखी म्हणजे सहीनिशी. खोटी वेळ लिहिल्याची सही केल्यावर रात्रपाळी राहणार नव्हती, आणि कदाचित चार महिनेही राहणार नव्हते. तिने "काका, बघा" असे म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. बघण्यासारखे काही उरले नव्हते, आणि नसलेला पर्याय दाखवणे हा दिलासा नव्हे.

"पेन आहे माझ्याकडे," काका म्हणाले. "कागद बघतो. ठेवा फोन."

अकरा एक्केचाळीसला तिच्या मोबाइलवर एक छायाचित्र आले. कागद कुठल्या तरी छापील तक्त्याची पाठ होती. पलीकडची आडवी-उभी घरे उलटी दिसत होती. अक्षर लेबलवरच्यासारखेच सरळ होते. गेल्या पाच आठवड्यांत प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी मी कुपी सहा वाजून दहा मिनिटांनी मोजली आणि लेबलवर सहा तीस लिहिले. कुपी गळलेली नाही. विमानाचा, गाडीचा वा दक्षिणेच्या केंद्राचा यात दोष नाही. खाली सही, दिनांक, आणि वेळ: अकरा वाजून एकोणचाळीस.

काकांच्या बायकोचा त्यात उल्लेख नव्हता.

तिने ते छापून घेतले आणि प्रमुखांच्या टेबलावर ठेवले. प्रमुखांनी दोनदा वाचले, चष्मा काढला आणि तो पुसत राहिले.

"सहा दहा," ते म्हणाले. "आणि आपण विमान मोजत बसलो."

"मी मोजत बसले, सर."

"का केलं त्यांनी असं? काही लिहिलेलं नाही."

"तुम्हाला सही करायला एवढं पुरेल का?"

"पुरेल." त्यांनी सही केली. घड्याळात अकरा त्रेपन्न झाले होते. "ड्रायव्हरला घे. आणि वर रेकॉर्डला बसायचं ते..." ते पुढचे शब्द शोधू लागले.

"साखर बघायची आहे, सर," ती म्हणाली आणि निघाली.

साखर एकशे चौऱ्याऐंशी होती. बारा वाजून दहा मिनिटांनी शिशाच्या आवरणातली सिरिंज रिकामी झाली. औषध गाठीत साठायला तासभर जाऊ दिला. मात्रा कमी होती, म्हणून यंत्राखाली दुप्पट वेळ. ड्रायव्हरने डोळे मिटून घ्यायचे आणि हलायचे नाही, असे तिने बजावले.

"सिग्नलला थांबतो तसं?" त्याने विचारले.

"तसंच."

काचेपलीकडे त्याची बायको भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी सांगूनही ती बसली नाही. पडद्यावर चित्र ओळीओळीने उतरू लागले. ते काय सांगत होते हे सांगणे तिचे काम नव्हते. चित्र स्वच्छ आले, एवढे तिला दिसत होते.

दोन वाजता तिने तळघरात तुटीची नोंदवही उघडली. दहा ओळी रिकाम्या होत्या, प्रत्येक ओळीत शेवटचा रकाना 'कारण'. काकांनी जे लिहिले होते तेवढेच उतरवावे, असे आधी तिच्या मनात आले. त्यांनी एक गोष्ट लिहिली नव्हती, ती त्यांनी ठरवूनच गाळली होती. पण त्या वाक्यांवरून सोमवारच का आणि गुरुवारच का हे कुणालाही समजले नसते. उद्या ही वही वाचणारा एवढेच वाचेल, की एक म्हातारा माणूस आठवड्यातून दोनदा खोटे लिहीत असे. ते अपुरे होते, आणि अपुरी नोंद तिने अकरा वर्षांत केली नव्हती.

तिने छापील कागद उलटा करून उजेडाकडे धरला आणि पलीकडच्या तक्त्यातली अक्षरे नीट वाचून खात्री करून घेतली; तो डायलिसिसच्या वेळांचा तक्ता होता, सोमवार-गुरुवारच्या घरात ६.४५. मग लिहिले:

"मोजणी प्रत्यक्षात ६.१० ला; लेबलवर ६.३०. फरक वीस मिनिटे, तूट बारा टक्के, दोन्ही जुळतात. मोजणाऱ्याच्या पत्नीचे डायलिसिस सोमवारी व गुरुवारी ६.४५ ला असते. त्यांना नेणारे दुसरे कोणी नाही. पाळी बदलून मागितली होती, मिळाली नाही."